भावी शास्त्रज्ञ आणि एकोणीस शुभेच्छुक

चाकूर, सोमवार

तीर्थस्वरूप अण्णांना धाकट्या गुरुलिंगचा शरणु शरणार्थी.

वहिनींचे गुडघे, तुमची साखर आणि कापड दुकानासमोरची गटार, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. पत्र बघून दचकू नका. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही आणि मला आज बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

तर आपली अक्षरा लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे हे तुम्हाला माहीतच आहे (तिच्यासाठी निलंग्याचं स्थळ तुम्हीच आणलंय, त्याकडे नंतर येतो). गेले सहा महिने ती दर रविवारी नांदेडला जात होती. तिथल्या एका संस्थेत शिल्पा मॅडम म्हणून आहेत. कॉलेजात शिकता शिकता संशोधन करणारी तीस पोरंपोरी त्यांनी हाताशी धरली आहेत. उमरीजवळच्या तांड्यावरची एक, हदगावच्या गवंड्याचा एक, देगलूरच्या उर्दू शाळेतून आलेली एक. ज्यांच्या घरात कुणी कधी शास्त्रज्ञ बघितला नाही अशीच सगळी. विज्ञान त्यांना येतं, मॅडम शिकवतात ते त्याच्या भोवतीचं. मोठ्या शास्त्रज्ञाला मेल कसा लिहायचा, आपलं काम दोन मिनिटांत कसं सांगायचं, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे. अक्षरानं पहिल्या मेलमध्ये एका मोठ्या शास्त्रज्ञांच्या घरच्यांची तब्येतच अर्धं पान विचारली होती. मॅडमनी ती सगळी खोडली आणि काय पाहिजे ते पहिल्या दोन ओळींत सांगायचं असं बजावलं. (मला हे पटलेलं नाही. मोठ्या माणसाला असं कुणी लिहितं का?)

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला की आप्पा, शनिवारी माझं पोस्टर आहे, नांदेडला या. अण्णा, ऊर भरून आला. आपल्या चाकुरात निवडणुकीत पडलेल्याचंसुद्धा पोस्टर लागतं, मग लेकीचं का नको? तडक बसस्टँडवर उमाशंकरच्या दुकानात गेलो आणि दहा बाय सहाचा फ्लेक्स सांगितला. "कोणत्या वार्डातून हायत ताई?" असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, विज्ञानातून. त्यानं वर ‘भावी शास्त्रज्ञ’ टाकलं, मध्ये अक्षरा, तिच्या मागे वाघ (तो काढून सूक्ष्मदर्शक घालायला अर्धा दिवस गेला, तरी शेपूट तेवढं राहिलंच) आणि खाली एकोणीस शुभेच्छुक. सगळ्यांत मोठा फोटो तुमचा, ‘मुख्य शुभेच्छुक’ म्हणून. तो लग्नातल्या फोटोतून कापलाय, त्यामुळे तुमच्या खांद्यावर एक हात राहिलाय. कुणाचा, ते घरात अजून ठरलेलं नाही.

ती गुंडाळी एसटीत उभी राहीना आणि आडवी मावेना. अहमदपूर ते लोहा मी तिच्यासकट दारात उभा होतो, आणि कंडक्टर मला बोअरवेलचा पाईप नेणारा समजला. हॉलमध्ये शिरलो तर फळ्यांवर तीन-तीन फुटांचे कागद, त्यांवर आलेख आणि मुंगीएवढी अक्षरं. फोटो एकाचाही नाही. (मला वाटलं, बिचाऱ्यांना शुभेच्छुक मिळाले नसतील.) मी आणि हदगावचे ते गवंडी, मलप्पा, दोघांनी दोन टोकं धरून फ्लेक्स उघडला. मलप्पांनी तो अगदी ओळंब्यात धरला होता. सगळा हॉल वळून बघायला लागला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इथे पोस्टर म्हणजे ते कागद.

हैदराबादहून आलेले एक वयस्कर शास्त्रज्ञ चष्मा वर करून एकोणीस तोंडं मोजत होते. हे कोण, असं त्यांनी अक्षराला विचारलं. मी डोळे मिटून घेतले.

"सर, हे माझे शुभेच्छुक," पोरगी शांतपणे म्हणाली. "पोस्टरच्या तळाला ऋणनिर्देश असतोच. माझा मी बारीक अक्षरात छापलाय, आप्पांनी मोठ्या."

ते मनापासून हसले आणि तिच्या कागदाकडे वळले. मीही वाकून बघितलं. तळाला खरंच लिहिलं होतं, ‘मातीचे नमुने: वीरण्णा, उदगीर’. तुमचं नाव, अण्णा, विज्ञानात!

मग ती बोलायला लागली आणि मी आ वासून ऐकत राहिलो. तुरी उपटताना मुळांवर बारीक गाठी दिसतात ना, ज्यांना आपण चाळीस वर्षं रोग समजत आलो, त्यांत म्हणे जिवाणू राहतात. हवेतलं नत्र धरतात आणि झाडाला खाऊ घालतात. तुमच्या बांधाकडच्या पट्टीतले जिवाणू तर बाकीच्या रानातल्यांपेक्षा कामसू निघाले. आपल्या पायाखाली एवढा संसार चालतो आणि आपण त्यावर चपला घालून हिंडतो, हे कळल्यापासून मी शेतात जपून पाय टाकतो आहे.

शेवटी शास्त्रज्ञांनी विचारलं, पुढच्या साली पाऊस कमी झाला तर हे असंच येईल का? अक्षरा मान सरळ ठेवून म्हणाली, "मला माहीत नाही, सर. ते बघायचं राहिलंय."

एवढ्या मोठ्या माणसापुढे माहीत नाही म्हणते! पण ते खूश झाले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर शिल्पा मॅडम म्हणाल्या, या एका वाक्यावर आमचे तीन रविवार गेलेत. आपली मुलं एक तर मान खाली घालतात, नाही तर काहीतरी ठोकून देतात. अण्णा, आपल्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही, तुम्ही तर नाहीच. आणि ते बोलताना माझी लेक मला त्या फ्लेक्सपेक्षा मोठी दिसली.

असो. वहिनींना नमस्कार. माझं चुकलंमाकलं पोटात घालायला तुमचं पोट समर्थ आहे.

तुमचा धाकटा,
गुरुलिंग

ता. क. : हैदराबादच्या त्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी अक्षराची निवड झाली आहे. नेमके अक्षय तृतीयेला निलंग्याचे पाहुणे तिला बघायला यायचे आहेत. तिला जायचंय. काल मला म्हणाली, "काकांना तुम्हीच सांगा आप्पा, मला भ्या वाटतंय." शास्त्रज्ञांना न भिणारी पोरगी तुम्हाला भिते. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. (तसंही मुलाचं खताचं दुकान, त्याच्या युरियाशी तिच्या जिवाणूंचं जमणार नाही.)

ता. क. दुसरा : फ्लेक्स वाया जाऊ नये म्हणून उदगीरला पाठवला आहे. पत्र पोचेल तेव्हा तो तुमच्या दुकानासमोरच्या चौकात लागलेला असेल. मुख्य शुभेच्छुक तुम्हीच असल्यामुळे उतरवणं बरं दिसणार नाही.

ता. क. तिसरा : पाहुणे विचारतील, मग मुलगी लग्न कधी करणार? तेव्हा मान सरळ ठेवून एवढंच म्हणा, मला माहीत नाही. पहिल्यांदा जरा जड जाईल. मी आरशासमोर करून बघितलंय, जमतं.