वादीच्या खिशातल्या गोळ्या

वादी,

अप्पांना आज घरी आणतेय. कालच्या रक्ताच्या रिपोर्टात किडनीचा आकडा तीनवरून सव्वावर उतरलाय आणि पायाची जखमही भरत आलीय. दुसरं कुठलंच औषध लागू पडेना म्हणून ते शेवटचं इंजेक्शन सुरू केलं होतं. ते अप्पांनी एकवीसच्या एकवीस दिवस झेललं. मध्ये किडनीचा आकडा चढला तेव्हा तर डॉक्टर ते बंदच करायला निघाले होते.

वय झालेलं, शुगर, पाणी कमी आणि वर दुखण्याच्या गोळ्या, असं असलं की हे औषध किडनीवर उलटतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वय आणि शुगर आपल्या हातात नव्हती. पाणी मी पेल्याने मोजून पाजलं. गोळ्या मात्र तुझ्या धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात सापडल्या.

अप्पांचे गुडघे ठणकतात, ते तुझ्याकडे बघतात आणि तू विरघळतोस. डॉक्टरांना मी सांगितलं की गोळ्या मीच देत होते. बोलणी खाल्ली, संपलं. तेव्हा आता आठ दिवस चाललंय तसं तोंड चुकवत फिरू नकोस. चिकपेटचं दुकान आज चारला सोड. त्यांचा पलंग खिडकीशी ओढून ठेव. भातावर घ्यायला सारू केलंय, स्वल्प गरम कर.

ऑटोतून उतरले की ते हळूच तुझ्याकडे गोळी मागतील. नाही म्हण. तुझं ऐकतील ते. माझं कधी ऐकलंय?

अक्का