एस्तेरआजीच्या मातीला गेले, तुझ्या नाही

प्रिय आई,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. तुझ्या लेकानं, अण्णानं, मला बोलावलं होतं, पण कसं? "भटजी गेल्यावर ये. आपली मंडळी जेवून उठली की ये." म्हणून मी दुपार टळल्यावर बोगादीला, तुझ्या घरी आले. तुझा फोटो व्हरांड्यातूनच पाहिला. आता हिनकलला, डॅनियलच्या बहिणीच्या घरी बसून लिहितेय. जे तिथं बोलता आलं नाही ते इथं तरी बोलते.

तुला मराठी वाचता यायचं नाही. तुझी शाळा कन्नडातली, माझीही तीच. घरात बोलायची ती आपली अर्धीमुर्धी मराठी. मी ही भाषा नीट लिहा-वाचायला शिकले ती लग्नानंतर, मराठी बायबल वाचण्यासाठी. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तुझी भाषा मला चर्चनं शिकवली, हे तुला आवडलं असतं का गं?

डॅनियलशी लग्न केलं तेव्हा बाबांनी माझं नाव टाकलं, ते जाईपर्यंत घेतलं नाही. पण तू टाकलं नाहीस. अण्णा देवराज मोहल्ल्यातल्या कापडाच्या दुकानात गेला की तू मला फोन करायचीस. आम्ही आफ्रिकेत मलावीला गेलो, डॅनियल चर्चच्या शाळेत शिकवायला आणि मी दवाखान्यात नर्स म्हणून, तरी तुझा फोन चुकला नाही. "तिकडं खायला काय मिळतं?" हा तुझा पहिला प्रश्न. मी म्हटलं, मक्याच्या पिठाचा उंडा, आपल्या नाचणीच्या मुद्देसारखा, फक्त पांढरा. तू हसलीस. "मग काय, म्हैसूरच आहे ते."

शेवटच्या महिन्यांत तुझे फोन आखूड झाले. "बरी आहे, सुम्मने, उगीच दमते जरा," म्हणायचीस. मी नर्स आहे, आई. लोकांच्या आवाजावरून मला त्यांचा श्वास कळतो. मी खोदून विचारलं तर तू वहिनीच्या लोणच्याची गोष्ट काढलीस. मला फसवायला तुला लोणचं पुरलं.

आता त्या आठवड्याचं सांगते.

आमच्या शेजारी एस्तेरआजी राहायची. तळ्याकाठच्या त्या गावात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनंच मला कमरेला कापड कसं गुंडाळायचं, उंडा कसा घोटायचा, पाहुणी म्हणून चटईवर कसं बसायचं ते शिकवलं. चर्चमध्ये ती पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी सूर लावायची, बहुतेक वेळा चुकीचा. तिला ताप आला आणि दोन-तीन दिवसांत ती गेली. मी तिच्या उशाशी होते.

तिथं माणूस गेलं की गाव थांबतं. पुरुष झाडाखाली बसतात, बायका आत, मयताभोवती, चटयांवर पाय लांब करून. येणारी प्रत्येक बाई पीठ नाहीतर लाकडाची मोळी घेऊन येते, कारण आलेल्या सगळ्यांना जेवू घालायचं असतं. मी दाराबाहेर उभी होते. वाटलं, आपण परक्या, आत कसं जायचं? एस्तेरआजीची धाकटी मुलगी ग्रेस उठून आली, माझा हात धरला आणि मला थेट तिच्या आईच्या पायाशी बसवलं. कुणी हललं नाही, कुणी विचारलं नाही. शेजारच्या बाईनं फक्त पाय थोडे आवरून जागा केली.

एस्तेरआजीचा थोरला मुलगा मुसलमान आहे. लग्नाच्या वेळी झाला. तो दुसऱ्या गावाहून आला, डोक्यावर गोल टोपी, आणि सरळ पुढं जाऊन त्यानं पेटीला खांदा दिला. मी मिशनची बाई, माझ्या मनात आधी काय आलं असेल? मी हळूच ग्रेसला विचारलं, "तो चालेल का? पाद्री काही म्हणणार नाहीत ना?"

ग्रेसला माझा प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "पण आई तर त्याची आहे."

पाद्री काही म्हणाले नाहीत. आम्ही गात होतो तेव्हा तो शांत उभा राहिला. मग त्यानं बाजूला होऊन ओंजळ वर करून त्याची प्रार्थना केली, तेव्हा आम्ही शांत उभे राहिलो. डॅनियलला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. त्याची तिथली भाषा अजून कच्ची. त्यानं एका वाक्यात तीन चुका केल्या आणि रडू आवरत खाली बसला. मग नाव घेऊन घेऊन एकेकाला फुलं ठेवायला बोलावलं. मुलं, नातवंडं, सुना. आणि नातवंडांच्या नंतर गावच्या मुखियानं पुकारलं, "इंडियातली मुलगी." मी ताज्या मातीवर फुलं ठेवली. गुडघ्यांना माती लागली, ती मी घरी जाईपर्यंत झटकली नाही.

परत येताना ग्रेसनं विचारलं, "तुझी आई आहे?"

"आहे," मी म्हटलं. "म्हैसूरला आहे."

तू नव्हतीस. आदल्या दिवशीच तुला घेऊन गेले होते. मी "आहे" म्हटलं तेव्हा अण्णा पश्चिमवाहिनीला कावेरीत तुझ्या अस्थी सोडत होता, नाहीतर सोडून घरी येऊन आंघोळ करत होता. मी त्या लाल रस्त्यावरून चालताना ग्रेसला तुझ्याबद्दल सांगत होते. तू भात वाढताना शेवटचा घास स्वतःसाठी कसा ठेवत नाहीस, ते. अजून जिवंत असलेल्या माणसाबद्दल सांगतात तसं, वर्तमानकाळात.

अण्णाचा फोन तेरावं उरकल्यावर आला. "आई गेली. होऊन गेलं सगळं."

मी विचारलं, "मला का नाही कळवलंस?"

"कळवून काय करणार होतीस? इतक्या लांबून?"

"विमान असतं, अण्णा."

तो म्हणाला, "आईनंच सांगून ठेवलं होतं. विजूला कळवू नका म्हणून."

आई, मी ते खरं मानलं नाही. वर्षभर मानलं नाही. मला वाटलं, अण्णानं स्वतःची लाज तुझ्या नावावर खपवली. मेलेलं माणूस नाही म्हणायला येत नाही, हे त्याला माहीत आहे. वर्षभर मी त्याच्यावर जळत राहिले आणि तुझ्यावर फक्त रडले. ते बरं होतं. तेवढं तरी माझ्याकडे राहायला हवं होतं.

आज घरी गेले तेव्हा अण्णानं दार उघडलं. "बा, कूतको, बस," म्हणाला आणि व्हरांड्यातली खुर्ची दाखवली. आतली नाही. वहिनीनं चहा आणला तो कागदी पेल्यात. तुझ्या घरात, आई. ज्या स्टीलच्या लोट्यातून मी लहानपणी दूध प्यायले ते लोटे मला खिडकीतून मांडणीवर दिसत होते. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती.

मी म्हटलं, "अण्णा, मला फक्त एकदा तिला बघायचं होतं."

"होगली बिडु, विजू. झालं ते झालं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सगळे आले होते तेव्हा. काका, आपली सगळी माणसं, भटजी. तू आली असतीस, तुझा नवरा आला असता. मी कुणाकुणाला तोंड दिलं असतं?"

"मला तोंड द्यायला तुला लागलं नाही ना, तेवढंच."

तो उठून आत गेला. तो वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. तो घाबरट आहे, आणि घाबरट माणसानं जेवढं दुखवलंय तेवढं मला कुणा दुष्टानं दुखवलेलं नाही.

मी निघाले. वहिनी फाटकापर्यंत मागून आली, हातात डबा. श्राद्धाचे वडे आणि खीर. ती म्हणाली, "ते खोटं बोलले नाहीत, विजूताई. आईंनी खरंच सांगितलं होतं. मी तिथंच होते."

मी फाटक धरून उभी राहिले.

"आई म्हणाल्या, विजूला कळवू नका. ती धावत येईल आणि तुम्ही तिला दारात उभी कराल. माझ्या मुलीला माझ्याच दारात उभी राहायला लागू नये." वहिनी रडायला लागली. "तुमच्यावर मायाच होती हो त्यांची. तुम्हाला जपलं त्यांनी."

जपलं म्हणे.

आई, आता मी तुला विचारते, आणि तू उत्तर देणार नाहीस म्हणून जास्त राग येतो. तुला तेवढा श्वास उरला होता. तुला एक वाक्य बोलता येत होतं. मग ते वाक्य तू हे का निवडलंस? "विजूला कळवू नका" म्हणालीस. "विजूला दारात उभी करू नका" का नाही म्हणालीस? शब्द जवळजवळ तेवढेच होते. अण्णानं तुझं आयुष्यभर ऐकलं, शेवटचंही ऐकलंच. हेही ऐकलं असतं. कुढत ऐकलं असतं, पण ऐकलं असतं.

तुला माझा अपमान नको होता. बरं. पण मला तो चालला असता, आई. मी व्हरांड्यात उभी राहिले असते, रस्त्यावर उभी राहिले असते, लोकांनी काही म्हटलं असतं तर म्हणू दिलं असतं. तुझे पाय एकदा दिसले असते. तू मला ज्यातून वाचवलंस त्यातून मला वाचायचं नव्हतं. तू माझ्यासाठी ठरवलंस, अण्णासाठी ते सोपं करून गेलीस, आणि त्याला आयुष्यभर म्हणायला एक वाक्य देऊन गेलीस: आईनंच सांगितलं होतं.

घरात तंटा नको म्हणून तू नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याला जपत आलीस आणि ज्याचं दुःख मोठं त्याला म्हणायचीस, तू शहाणी आहेस ना? मी शहाणी होऊन होऊन मलावीला पोचले.

माझ्या देवाजवळ मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते. क्षमा कर म्हणते. पण आज ती प्रार्थना माझ्या ओठांवर आली नाही, आणि तुला खोटं सांगून पत्र गोड करायची माझी इच्छा नाही. राग आहे. तो जाईल की नाही ठाऊक नाही. मायाही आहे. ती जात नाही, हाच तर त्रास आहे.

एक वचन देते आणि थांबते. उद्या सकाळी, अण्णा दुकानाला निघायच्या आत, मी पुन्हा बोगादीला येणार आहे. न बोलावता. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसणार नाही, आत येईन, तुझ्या फोटोखाली जमिनीवर बसेन. जे वाक्य तू बोलली नाहीस ते मी अण्णाला बोलून दाखवेन, तुझी मुलगी म्हणून. तुझ्यासाठी एवढंच करेन की आवाज चढवणार नाही. पण त्यानं माझ्या डोळ्यांत बघून उत्तर दिल्याशिवाय मी उठणारही नाही.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच
विजू