व्हरांड्यातले सोफे बंद!

२० ऑक्टोबर, रविवार

कॉन्व्हेंटच्या बसमध्ये मी आणि ट्रूडी सहा वर्षं एका सीटवर बसलो. तिचं सफरचंद, माझं चीज सँडविच, दोन्ही अर्धं अर्धं. काचेवर वाफ धरली की ती बोटाने मांजर काढायची. तीच काढायची, कारण खिडकी कायम तिची.

आज चर्चमध्ये हे उगाच आठवलं. ट्रूडी गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभी आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. मला तिचा काडीचाही हेवा वाटत नाही.

माझा मुद्दा स्वच्छ आहे: व्हरांड्यातले सोफे बंद! कॉलेजची मुलं सोफे बाहेर ठेवून पावसात कुजवतात आणि मॅच जिंकली की भर रस्त्यात पेटवतात. ट्रूडीचा मुद्दा: "बसू द्या की पोरांना." याला मुद्दा म्हणतात?

२६ ऑक्टोबर, शनिवार

आदर्श घालून द्यायचा म्हणून आमचा हिरवा सोफा फूटपाथवर ठेवला. 'फुकट' अशी पाटी लावली. वॉल्ट म्हणाला, "अगं, तो घरात होता. तुझ्या कायद्यात तो बसतो कुठे?" नवऱ्यांना राजकारण कळत नाही. संध्याकाळच्या आत सोफा गेला. म्हणजे लोक माझं अनुकरण करायला उत्सुक आहेत.

संकल्प: लोकांच्या अंगणात ट्रूडीच्या प्रचाराच्या किती पाट्या आहेत, हे बघत फिरायचं नाही.

२७ ऑक्टोबर

फिरले नाही. ब्रेड आणायला गेले, तेव्हा दिसल्या. पुष्कळ. बेकरीसुद्धा मुद्दाम लांबची निवडली नव्हती. पाटीवरचा तिचा फोटो निदान वीस वर्षांपूर्वीचा. माझा फक्त पंधरा.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

कॉलेजच्या गेटपाशी माझा भोपळ्याचा केक वाटला. मॅकेना नावाची मुलगी म्हणाली, "मिसेस प्रुइट, काय भारी झालाय! ट्रूडी म्हणालीच होती, आयलीनच्या हातचा केक सोडू नका."

किती आतल्या गाठीची बाई!

शिवाय ती 'ट्रूडी' आणि मी 'मिसेस प्रुइट'. हा आदर आहे. आदराची मतं पडतातच.

५ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी

मत दिलं. विजयाचा केक केला, तीन थरांचा. वर आयसिंगने 'अभिनंदन आयलीन'. वॉल्ट म्हणाला, "नाव निकालानंतर घाल." अपशकुनी मेला.

रात्री साडेआठ

रस्त्यावर जल्लोष! कॉलेजचा बँड, शिट्ट्या, आरोळ्या. आणि आमच्याच गल्लीकडे येताहेत! वॉल्ट निकाल ऐकायला रेडिओ लावत होता. म्हटलं, राहू दे, मला कान आहेत. निळा कोट घालते.

६ नोव्हेंबर, बुधवार

पायरीवर उभं राहून हात हलवला. मुलांनीही हलवला. "मित्रांनो, हा विजय माझ्या एकटीचा नाही," एवढं बोलले, तेवढ्यात बँड थांबला आणि मला दिसलं. पोरांच्या खांद्यावर सोफा. हिरवा. हात टेकायच्या जागी वॉल्टच्या कॉफीचा डाग. वर कागदी मुकुट घालून ट्रूडी.

"आयली! अगं, हा तुझाच सोफा! मॅकेनाने उचलून आणला होता. चढ वर!"

म्हटलं, मला सर्दी आहे.

"भाषण करताना नव्हती ती?" मग ती एका बाजूला सरकली. "ये ना. आज खिडकी तुझी."

तिला आठवत होतं. हे मला सर्वांत जास्त झोंबलं. मी आत आले आणि दार लावलं.

वॉल्टला म्हटलं, "निदान तुझं मत तरी मला पडलं." तो बुटाची नाडी सोडत बसला. नाडीकडे बघतच म्हणाला, "मला तो सोफा आवडायचा गं."

आता वाटप. केक बँडच्या मुलांना द्यावा, 'आयलीन' खरवडून. 'अभिनंदन' राहू दे, त्यांचा काय दोष? माझ्या प्रचाराच्या उरलेल्या पाट्या वॉल्टला, उन्हाळ्यात टोमॅटोंना टेकू म्हणून. निळा कोट चर्चच्या दानपेटीत टाकावा. नको, ट्रूडीच्या शपथविधीला लागेल.

सोफा ट्रूडीच्या व्हरांड्यात ठेवावा. वर टाकायला ताडपत्री मी देईन, नाहीतर कुजेल. तिने घराच्या भिंतीकडे बसावं. रस्त्याकडची बाजू माझी. तिथे दुसऱ्या कोणाला बसू देऊ नये, मी येईपर्यंत.