तुटायलाच केलेला बोल्ट

टोफ्ट टेकडी, उत्तर विस्कॉन्सिन
जानेवारी (तारीख बर्फाखाली आहे)

ति. मर्लिनदादास,

धाकट्या आर्डिसचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. उजवा गुडघा आता असल्या गोष्टींना तयार होत नाही. त्याचं पुढे कधीतरी.) तुझी आणि डार्लावहिनींची प्रकृती उत्तम असणारच, ॲरिझोनात आजारी पडायला जागाच नाही, असं तू दर फोनवर सांगतोस. पोहायच्या तलावाचं पाणी कोमट आहे ना? अंगणातली संत्री यंदा कशी निघाली हे मात्र विचारत नाही. संत्र्यांबद्दल मला या पत्रात बरंच बोलायचं आहे.

आई ठीक आहे. नव्वदीला टेकली तरी पत्त्यांत लबाडी करते, आणि पकडलं की तिला ऐकू येईनासं होतं. कॉफी अजून डांबरासारखीच लागते. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात बायकांनी पातळ कॉफी दिली, तर तिने कप परत केला नाही, 'छान आहे हो' म्हणाली आणि कुंडीत ओतली. आपल्याकडे कुणाला वाईट वाटू द्यायचं नसतं. ही गोष्ट ध्यानात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

मे महिन्यात बाबांच्या थडग्यावर फुलं वाहायला तू आलास. (फुलं मी आणली होती, तू वाहिलीस. फोटो चांगला आलाय.) त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर तू निकाल दिलास. आदल्या हिवाळ्यात आई पडली तेव्हा रुग्णवाहिका आपल्या चढाच्या पायथ्याशी रुतली होती आणि आईला पोरांच्या घसरगाडीवर बांधून खाली न्यावं लागलं होतं. (तिला ती सफर फार आवडली. वाटेत शेजाऱ्यांना हात हलवत होती.) तेव्हा येत्या हिवाळ्यात रस्ता एक दिवस जरी बंद पडला, तर आईला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं आणि टेकडी विकायची, असं तू ठरवलंस. बाबांनी जाताना सह्यांचा अधिकार तुला दिला, थोरला म्हणून. मी इथे राहते, भांडी घासते, आईचे पाय चोळते, पण सही तुझी.  आईने तुला आणखी बटाटे वाढले.

मी एवढंच म्हटलं होतं, की छोटा ट्रॅक्टर आहे, त्याच्या मागे बर्फ फेकायचं एक बरं यंत्र जोडलं की रस्ता मी सांभाळीन. झालं! तू खुर्ची मागे सारलीस. "आर्डिस, अवजार घेणं म्हणजे पडदे घेणं नव्हे. तुम्ही बायका रंग बघता. माल बघावा लागतो, माल!" उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण तू तर वाळवंटात बसून बर्फ हाकायला निघालास.

मग उन्हाळाभर तुझे खोके येत राहिले. आधी आला तो पुढे जोडायचा पंजा, ओंडके उचलायला. माल उत्तम, वादच नाही. इतका जाडजूड, की ओंडका धरून पंजा वर केला की ट्रॅक्टरची मागची चाकंच जमीन सोडायची. ऑर्विन स्टुबे कुंपणापलीकडून बघत होता. (तोच, ज्याच्या गाईला तू लहानपणी निळा रंग फासला होतास.) म्हणाला, "आर्डिस, ट्रॅक्टरने ओंडका उचललाय का ओंडक्याने ट्रॅक्टर?" त्यानंतर आलं झुडपं कापायचं यंत्र, आपल्यापेक्षा दुप्पट ताकदीच्या ट्रॅक्टरसाठी बनवलेलं. जोडलं, सुरू केलं, ट्रॅक्टरने एक मोठा सुस्कारा टाकला आणि बंद पडला. मग एक बर्फ ढकलायचं पातं आलं, ते मात्र इतकं पातळ की पहिल्याच खडकाला लागून पोळीसारखं दुमडलं. 'स्वस्तात मिळालं' असं तूच फोनवर म्हणालास. म्हणजे माल बघायचा नेम त्या दिवशी पाळायचा नव्हता वाटतं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. खळ्यातल्या कोठारात आता ट्रॅक्टर उभा करायला जागा नाही, अवजारंच उभी आहेत.

शेवटी सप्टेंबरात मी स्वतः गावातल्या दुकानात गेले. शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात काढलीय मी दादा, तीनशे पोरांचं जेवण करणारी यंत्रं वापरलीत. कुठलं यंत्र वर्ष काढील आणि कुठलं पहिल्याच सोमवारी रडेल, हे मला कळतं. मी रंगाकडे बघितलंच नाही. दुकानदाराला यंत्र उचलायला लावलं आणि खालून बघितलं. जोड सलग झाळलेत की नुसते टिपके दिलेत, पत्रा बोटाने दाबला तर हलतो का, आपल्या ट्रॅक्टरला वजन पेलेल का, आणि मुख्य म्हणजे काही तुटलं तर सुटा भाग याच गावात मिळेल की समुद्रापलीकडून मागवावा लागेल. दुकानदार कंटाळला, पण मी हलले नाही. जे घेतलं ते दिसायला ठेंगणं, रंगाने मळकट, पण काम चोख. पहिल्या बर्फाला त्याने रस्ता असा साफ केला, की आई खिडकीतून म्हणाली, "बघ, खडी दिसतेय!" तिला मी एवढी आनंदलेली बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. त्या रात्री तिने पत्त्यांत लबाडीसुद्धा केली नाही.

आणि मग नोव्हेंबरात तू आलास. हरणांची शिकार आणि सणाचं टर्कीचं जेवण, दोन्ही साधून. (हरीण मिळालं नाही, टर्की मी भाजली होती.) जेवण झाल्यावर तू दात कोरत कोठारात गेलास, 'काय घेतलंय बघू या'. माझ्या यंत्राभोवती फेरी मारलीस, लाथ मारलीस, आणि काही खोट सापडेना म्हणून तुझं तोंड उतरलं. तेवढ्यात तुला ती पिशवी दिसली. यंत्राबरोबर कंपनीने दिलेले जादा बोल्ट. तुझे डोळे चमकले ते मी पाहिले. "आर्डिस, हे काय? जादा बोल्ट? म्हणजे हे तुटणार हे त्यांना आधीच ठाऊक आहे! आणि हा बघ, मऊ लोखंड! तुला चक्क फसवलंय."

मी सांगितलं तुला. शांतपणे सांगितलं, की दादा, तो बोल्ट तुटायलाच केलेला असतो. यंत्राच्या तोंडात दगडधोंडा अडकला की सगळ्यात आधी त्याने तुटायचं, म्हणजे बाकीचं वाचतं. तू माझ्या खांद्यावर थोपटलंस. थोपटलंस! आणि म्हणालास, "तुटणारी वस्तू चांगली असते, हे मी आज प्रथमच ऐकतोय हं." मग बाबांच्या डब्यातून कडक पोलादाचा बोल्ट शोधून तू तो यंत्रातल्या मऊ बोल्टच्या जागी ठोकून बसवलास आणि मऊ बोल्टांची पिशवी कचऱ्याच्या पिंपात टाकलीस. आई दारात उभी होती. तू तिला विचारलंस, "बरोबर ना, आई?" आई म्हणाली, "तुला जास्त कळतं, बाळा." मी दुसऱ्या दिवशी पिंपात बघितलं तर पिशवी नव्हती, गाडी कचरा घेऊन गेली असणार. दुकानातून नवे आणायचं मनात होतं, पण आई म्हणाली, राहू दे, त्याने एवढ्या हौसेने बसवलाय. आपला तो बाब्या, दुसरं काय.

आता संत्री. नाताळच्या सुमारास तू फोनवर म्हणालास, "काहीतरी पाठवलंय, काय ते सांगणार नाही!" नाहीच सांगितलंस. पार्सलवाला आपला चढ चढत नाही. त्याने तुझी लाकडी पेटी पायथ्याशी, टपालपेटीजवळ ठेवली आणि निघून गेला. त्यावर बर्फ पडलं. मग मोठ्या रस्त्यावरचं बर्फ सरकारी गाडीने ढकलून त्यावर घातलं. दोन आठवड्यांनी मोठं वादळ झालं, आणि सकाळी मी गुडघ्याला पट्टा बांधून ट्रॅक्टरवर चढले. वरून खालपर्यंत झकास आले. पायथ्याशी तो ढिगारा होता, त्यात यंत्र घातलं. आधी हवेत फळ्या उडाल्या. मग आकाशातून संत्र्यांचा पाऊस पडला. दगडासारखी गोठलेली संत्री, काही अख्खी, काही चकत्या होऊन. सगळा चढ नारिंगी झाला. तेवढ्यावर निभावलं असतं, पण त्या संत्र्यांच्या मधोमध तू एक भेट दडवली होतीस. ट्रॅक्टरला साखळी लावायचा पोलादी आकडा. एक नंबर माल.

आवाज ऑर्विनच्या गोठ्यापर्यंत गेला. तुझा आकडा तुटला नाही. तुझा बोल्टही तुटला नाही. गिअरबॉक्सचे दोन तुकडे झाले. म्हणजे तू निवडलेलं सगळं शाबूत राहिलं, मी निवडलेलं तेवढं गेलं. आणि रस्ता बंद पडला, तुझ्या पेटीपाशी. मी ट्रॅक्टरवर बसून रडले. इथे गालावर पाणी गोठतं, त्यामुळे तेसुद्धा पुरतं करता आलं नाही.

लंगडत घरी आले आणि आईला सांगितलं. ती उठली, बटणांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून ती मऊ बोल्टांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. तुझी पाठ वळताच तिने ती पिंपातून उचलली होती. दादा, मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?" तर आई म्हणते, "तो एवढ्या लांबून आला होता. दोन दिवसांसाठी. दोन दिवसांत कशाला त्याला चूक म्हणायचं?" हे घर जाईल, ही खिडकी जाईल, हे चालेल तिला, पण तुझं तोंड उतरलेलं चालणार नाही. मी इथे रोज असते, म्हणून मला रोज चूक म्हणता येतं. हे मला फार लागलं, आणि लागलं असं मी लिहितेय, कारण आपल्या घरात कुणी काही लागलं म्हणून सांगतच नाही.

ऑर्विनने दुपारच्या आत त्याच्या गाडीच्या पात्याने रस्ता मोकळा केला. बोलावलं नव्हतं, आभार मानू दिले नाहीत. रिवाजाप्रमाणे मी त्याच्या गाडीच्या सीटवर ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई ठेवून आले आणि त्याने रिकामी थाळी कुंपणावर ठेवली. तेव्हा तुझ्या अटीप्रमाणे रस्ता बंद पडला की नाही, हे तूच ठरव. आईचं म्हणणं, दूध घरात होतं, कुणी यायचं नव्हतं, कुणी जायचं नव्हतं. मग बंद होता हे कुणाला कळलं? मी मात्र तुला खरं काय ते कळवलंय.

डार्लावहिनींना नमस्कार. आमची काळजी नसावी, आम्ही मजेत आहोत.

तुझी बहीण,
आर्डिस

ता. क. ऑर्विनने एका जुन्या यंत्राचा गिअरबॉक्स मिळवून बसवून दिला आहे. मऊ बोल्ट परत लावला. पहिल्याच दिवशी तो तुटला, बर्फात राहिलेल्या तुझ्या एका फळीवर. हातमोजे न काढता दुसरा बसवला आणि कामाला लागले.

ता. क. आणखी एक. गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलंय. त्यानंतर बर्फ वितळेपर्यंत मला ट्रॅक्टरवर चढता येणार नाही. ऑर्विनच्या खुब्याचंही काही खरं नाही. तेव्हा रस्त्यासाठी माणूस हवा, आणि माणूस निवडताना मी माल बघितला. तू ये. ट्रॅक्टरला केबिन नाही, ट्रॅक्टर घेताना ती 'चैन आहे' म्हणून तूच यादीतून काढली होतीस. जाड मोजे आण.

ता. क. जमत नसेल तर तसं स्पष्ट कळव, म्हणजे मी ऑपरेशन पुढे ढकलते. गेल्या वर्षीही ढकललं होतं. हे आईला कळू देऊ नकोस.

ता. क. आईने हे सगळं वाचलं. (चष्म्याशिवाय तिला दिसत नाही, असं ती तुला सांगते.) दवाखान्यात तिनेच फोन करून तारीख पक्की केली. आता माझ्या हातातून पेन मागतेय.

मर्लिन, बोल्टच्या बाबतीत तू चुकलास. वरच्या खोलीतली गादी घातली आहे. या वेळी पेटी पाठवू नकोस, आणि पायथ्याशी थांबू नकोस. घरापर्यंत ये. — आई