सोमवारची पुडी

अप्पा, तुमच्या डाव्या हाताला कंप सुटला तेव्हा बीडच्या बाजारात रेडिमेड कपड्यांची दुकानं नुकतीच येत होती आणि आपल्याकडे कापड मापून घेणारी गिऱ्हाइकं कमी व्हायला लागली होती. लोकांना वाटायचं, धंद्याच्या काळजीनं हात थरथरतो. तुमची काळजी निराळीच होती. आपल्या लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, आणि तुमच्या तळहातावर ते ठरत नव्हतं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी पार्किन्सनच्या गोळ्या दिल्या. पुढे तुम्ही पडायला लागलात तेव्हा ते म्हणाले, सारा जन्म दुकानाच्या अंधारात गेलाय, अंगात ड जीवनसत्त्व नाही. आठवड्याला त्याची एक पुडी दुधातून घ्या, हाडं बळकट होतील. तुम्ही वार ठरवला सोमवार, उपवासाचा.

इथंच घोटाळा झाला. महादेवाच्या वाराला पोटात जातं तेच खरं औषध, असं तुमच्या मनानं घेतलं आणि गोळ्या गुपचूप बंद झाल्या. एका सकाळी तुम्हाला गादीवरून उठता येईना, अंग नुसतं ताठ. आई रडत बसली, मी भडकले. पुडी हाडांची आहे, हाताची नाही, असं आवाज चढवून सांगितलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "मग हाताला काय हाय, बाई?"

मी गोळ्यांची डबी तुमच्या पुढ्यात ठेवली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, अंग मोकळं झालं, कंप मात्र पुरता गेला नाही. पूजेच्या वेळी मी तुमच्या हाताखाली माझा हात धरायला गेले, तर तुम्ही तो बाजूला सारलात.

"धरू नको. हालू दी. मला जमतंय."

अजून डोळ्यांपुढे येतं: कोपर मांडीत रोवून, घामाघूम होऊन तुम्ही बसता आहात, आई तिसऱ्यांदा चहा गरम करते आहे. शेवटपर्यंत तुम्ही दुसऱ्याचा हात लावू दिला नाहीत. तेव्हा तुमच्या हट्टाचा राग यायचा, आता अभिमान वाटतो.

आता माझाही डावा अंगठा हलतो, अप्पा. मी डगमगलेले नाही. गोळी चुकवत नाही, सकाळच्या उन्हात चालते, पूजा माझी मीच करते. मलाही पुडी दिली आहे. तिनं कंप थांबतो असं सिद्ध झालेलं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं आणि मी शहाण्यासारखी मान हलवली. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ते दूध पिताना माझ्या मनात हाडं नसतात, हातच असतो.