आबा, तुम्ही दार लोटून फोन केलात

धायरी, पुणे
१८ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांना ऋतुजाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. सोनूचा खोकला गेला. तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या इथेच राहिल्या, त्या सोबत पाठवते आहे. साताऱ्याला थंडी असेल, मफलर बांधत जा. शकूवन्संना सांगा, चटणी पोचली.

फोनवर तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणता आणि ठेवता. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही ज्याला 'मोबाइलवरची चावडी' म्हणता, त्या गटात सुरुवातीला आम्ही जवानांच्या बायकाच होतो. बदली झाली की मुलांच्या शाळेचं काय, एवढंच एकमेकींना विचारायचो. मग नवरे लिहायला लागले. वडील गेले, पण रजा मिळाली नाही. बूट फाटलेत. वर सांगितलं तर गप्प बस म्हणतात. हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये बसून मी एकेक मजकूर वाचायची आणि मगच पुढे सोडायची. ठिकाण, हत्यार, हालचाल यातलं अक्षर दिसलं की काढून टाकायची. ते तर तुम्हीच शिकवलंत मला. साध्या शिपायाला बोलायला दुसरी जागा होती कुठे?

मग आपल्या गल्लीतल्या बायडाबाईंचा संभाजी गेला. भरतीसाठी तुम्ही रविराजबरोबर ज्याला पहाटे कालव्याच्या कडेने पळवायचात, तो. बंकरमधल्या रॉकेलच्या शेगडीचा, बुखारीचा, धूर कोंडला आणि झोपेतच गेला. चौकशीत लिहिलं, त्याचाच निष्काळजीपणा. बुखारीचा पाइप फुटलाय, हे त्याने आणि त्याच पलटणीतल्या रविराजने आधीच वर सांगितलं होतं. कोणी हललं नाही. रविराजने गटात तेवढंच लिहिलं, नाव न घालता.

तुम्ही ते वाचलंत आणि ओळखलंत. मुलाची भाषा बाप ओळखणारच.

गेल्या आठवड्यात मंगळवारी रविराजने दुसऱ्या कोणाच्या फोनवरून फोन केला. "माझा फोन काढून घेतलाय. रजा रद्द. सोनूला सांगू नकोस."

"तुझं नाव सांगितलं कोणी?"

तो म्हणाला, "आबांनी. साहेबच म्हणाले, तुझ्या वडिलांचा फोन आला होता, शिस्तीचा माणूस. ऋतू, त्यांना काही बोलू नकोस."

मी बोलणार आहे, आबा.

वन्सं म्हणतात, तुम्हाला काळजी वाटली. साहेब पोराला दोन शब्द समजावतील, असं वाटलं. मग आधी मला का विचारलं नाहीत? मी ओट्यापाशीच उभी होते, तुमच्यासाठी भाकरी थापत होते. तुम्ही गॅलरीत गेलात आणि दार लोटून घेतलंत. दार लोटलंत, म्हणजे आपण काय करतोय ते तुम्हाला ठाऊक होतं. वा! सुभेदार होऊन निवृत्त झालात, आणि शेवटची कामगिरी ही.

तेराव्याला तुम्ही बायडाबाईंच्या दारात बसलात. 'पोरगं वाघ होतं' म्हणालात. आणि तो 'निष्काळजी' शब्द पुसायला निघालेल्या एकट्या माणसाला तुम्हीच पकडून दिलंत.

गेल्या रविवारी बायडाबाई घरी आल्या. "त्यो फोन इकडं कर," म्हणाल्या. पदर नीट केला आणि कॅमेऱ्यासमोर बसल्या.

"मी संभाजीची आई हाय. माझं पोरगं चुलीतला इस्तू इझवल्याबिगर कधी झोपलं न्हाई. त्याला निष्काळजी म्हननाऱ्यानं म्होरं यावं, आन् माझ्या तोंडावर म्हनावं."

ते मी गटात टाकलं. त्याखाली त्याच पलटणीतल्या चौघांनी आपापल्या नावानिशी लिहिलं, पाइप फुटलेला आम्हीही पाहिला होता. काल कळलं, चौकशी पुन्हा होणार आहे. रविराजला साक्षीला बोलावलंय. त्याचं पुढे काय होईल, माहीत नाही. मला भीती वाटते. खोटं कशाला लिहू?

पण गट बंद होणार नाही. आजपासून त्यावर माझं पूर्ण नाव आहे. पुन्हा साहेबांना कळवायचं झालं, तर तुम्हाला ओळखत बसावं लागणार नाही.

तुमची खोली झाडून ठेवली आहे. हे घर तुमचंच आहे. मात्र येताना आधी बायडाबाईंकडे जा, आणि काय केलंत ते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा. मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्या काय बोलतील ते उभ्याने ऐका, आणि मग घरी या.

शेवटी आशीर्वाद मागायची पद्धत आहे. या वेळी मागत नाही.

रविराजची बायको,
ऋतुजा