वायर चांगली होती

अप्पा,

परवा कॉलेजात त्या लेखिकाबाई पुन्हा आल्या होत्या. तुम्ही इथे शिपाई होतात आणि कार्यक्रमांचा माईक सांभाळायचात, तेव्हा आलेल्या, त्याच. आता मी इथेच इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. कार्यक्रम असला की माईक आपोआप माझ्याकडे येतो.

पहिल्या वेळी मी दहा वर्षांची होते. ॲम्प्लिफायरच्या टेबलामागे तुमच्या शेजारी बसले आहे. बाई कथा वाचतायत, हॉल शांत आहे. दारात पाहुणे साहेब दिसतात. आपल्याकडे साहेब आले की चालू कार्यक्रम थांबतो आणि शाल-नारळ सुरू होतं. प्राचार्य तुमच्याकडे बघून हात खाली करतात. तुम्ही नॉब फिरवता आणि उठून म्हणता, "वायर लूज झाली वाटतं ताई, बसा जरा." सत्कार झाले, साहेबांचं भाषण झालं. कथेची दोन पानं राहिली ती राहिलीच. सैल वायर खरखरते. बाईंचा आवाज एकसारखा उतरत गेला होता. हे मला पुढे शिकल्यावर कळलं, पण नॉबवरची बोटं मी तेव्हाच पाहिली होती. तुम्ही मला घरी पाठवलंत आणि स्वतः उशिरा आलात. मी विचारलं, "वायर चांगली होती ना?" तुम्ही म्हणालात, "जेव गुमान."

परवाही तसंच झालं. साहेब दुसरे, वेळ तीच. प्राचार्य टेबलाशी वाकले. "मॅडम, साहेब आलेत. जरा माईकचं बघा."

"बघितलं सर. व्यवस्थित आहे."

ते तिथेच उभे राहिले. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी नॉबवरचा हात काढून मांडीवर ठेवला. साहेब दारात थांबले. बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

मग त्या हसून म्हणाल्या, "मागच्या वेळी इथं माझा आवाज गेला होता. नंतर माईकवाले एसटी स्टँडवर आले. म्हणाले, 'ताई, वायर चांगली होती. मीच आवाज बारीक केला. राहिलेलं वाचून दाखवता का? गाडीला अर्धा तास हाय.' मी बाकावर बसून वाचलं. मधेच गाड्यांची घोषणा सुरू झाली, तर म्हणतात कसे, 'थांबा ताई, हा भोंगा माझ्या हातात न्हाई.'"

हॉल हसला. मी मान खाली घालून लेव्हल तपासत होते. तपासण्यासारखं काही नव्हतं. ते तुम्हीच, हे मी बाईंना सांगितलं नाही. प्राचार्य त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत.

हा कागद प्रॅक्टिकलच्या वहीत राहील. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली होती. त्या दिवसानंतर तुम्ही हाक मारायचात, "चल गं, माईक लावायचाय," आणि मी दरवेळी सांगायचे, अभ्यास आहे. अभ्यास झालेला असायचा.